मदत हवी आहे: 55 इंची टीव्ही आणि घरातली जुळी

मंडळी, दिवाळीत 55 इंची टीव्ही घेतला. घरात दोन वर्षांची जुळी. एकाला पडद्यावरची मांजर पकडायची असते, दुसऱ्याच्या हाती सदैव बॅट. घर भाड्याचं, मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत, म्हणून टीव्ही बुटक्या युनिटवर दोन पायांवर उभा आहे. फुटला तर वॉरंटी मिळत नाही, ते ठीक. पोरांच्या अंगावर पडला तर, ही खरी धास्ती.

मागच्या व्हेसाच्या (टीव्ही भिंतीवर टांगायच्या स्क्रूंसाठीच्या) भोकांना पट्टा लावून युनिटला बांधला तर पुरेल? की युनिटसकट आडवा होईल? पडद्यापुढे 3 मिमीचं अ‍ॅक्रिलिक कुणी लावलंय का? खिडकीचा उजेड चमकतो का त्यात?

(आई म्हणते, विकून टाक. तिची मालिका संपल्यावर म्हणते.)