पाच ठिपके एका रेषेत बसले, पण हे वय नक्की कशाचं?

मिरजकर_फरशीवाली

नमस्कार. एम.एस्सी. भूशास्त्र, दुसरं वर्ष. घर मिरजेत, वडिलांचं ओट्याच्या फरश्यांचं दुकान. इलकल लाल, टॅन ब्राऊन, स्टील ग्रे ही नावं पाढ्यांच्या आधी पाठ झाली. पण आपल्या सांगली-साताऱ्यात जमिनीवर दिसतो तो बेसॉल्ट, म्हणून प्रकल्पाचे नमुने आणायला बागलकोट जिल्ह्यात गेले. इलकलच्या बाजूच्या खाणींतले तीन ग्रॅनाइट (ग१ ते ग३) आणि जवळच्या नाल्यातले दोन पट्टेदार नाइस, म्हणजे ताप-दाबाने रूपांतर झालेले खडक (न१, न२).

बाहेरच्या एका प्रयोगशाळेतून आलेले आकडे असे. क्रम: रुबिडियम पीपीएम, स्ट्रॉन्शियम पीपीएम, रुबिडियम-८७ / स्ट्रॉन्शियम-८६, स्ट्रॉन्शियम-८७ / स्ट्रॉन्शियम-८६.

ग१: १८०, १७०, ३.०७, ०.८११६
ग२: १६५, २१५, २.२३, ०.७८१५
ग३: १५०, २६०, १.६७, ०.७६१५
न१: १२८, ४००, ०.९३, ०.७४०७
न२: ११६, ५६०, ०.६०, ०.७३००

रुबिडियम-८७ कुजून स्ट्रॉन्शियम-८७ होतं, म्हणून पहिलं गुणोत्तर आडव्या अक्षावर आणि दुसरं उभ्यावर ठेवलं की रेषेच्या उतारावरून वय निघतं. एक्सेलमध्ये ती रेषा काढली. उतार ०.०३२८, छेद ०.७०९३, आर-वर्ग ०.९९७. वय २३१ कोटी वर्षं येतं. मार्गदर्शक म्हणतात, पूर्व धारवाडातले (कर्नाटक-आंध्राकडच्या प्राचीन कवचातले) पुष्कळ ग्रॅनाइट २५० ते २६० कोटींचे आहेत, मग हे मधेच कुठून आलं? नंतरच्या रूपांतरणाचं वय आहे असं लिहू का? छेद ०.७०८ च्या वर आहे म्हणून ग्रॅनाइट एस-प्रकारचा, म्हणजे गाळाचे खडक वितळून झालेला, म्हणता येईल का?

आणि एक. त्याच दळलेल्या पुडीत टंगस्टन २१० पीपीएम आणि कोबाल्ट ४८ आलंय. दुकानात हे बोलले तर बाबांचे एक मित्र खाण विकत घ्यायला निघालेत.

वाईचा_जुना_रसायनी

खाण थांबवा, त्यावर कोणीतरी सांगेलच. मी रेषेबद्दल बोलतो. आयुष्य कॉलममधून स्ट्रॉन्शियम गाळण्यात गेलं आहे, त्यामुळे थोडं फाडून बोललो तर राग मानू नका.

आधी तो आर-वर्ग खोडून टाका. आयसोक्रॉनला, म्हणजे अशा वय सांगणाऱ्या रेषेला, त्याचा काही उपयोग नाही. मास स्पेक्ट्रोमीटरचं मोजमाप चौथ्या-पाचव्या दशांशापर्यंत पक्कं असतं. तुमच्या रेषेवर न२ हवा ०.७२९० ला, आहे ०.७३०० ला. आलेखावर हा फरक पेन्सिलीच्या टोकाखाली झाकला जातो, पण यंत्राच्या त्रुटीच्या तो कितीतरी पट आहे. प्रत्येक बिंदूची दोन्ही अक्षांवरची त्रुटी धरून रेषा बसवा आणि एमएसडब्ल्यूडी (ठिपके त्रुटीच्या मानाने रेषेपासून किती विखुरलेत त्याचं माप) काढा. तो एकच्या आसपास आला तरच ठिपके रेषेवर आहेत म्हणायचं. तुमचा फार मोठा येईल.

आता मूळ दुखणं. आयसोक्रॉनच्या तीन अटी: सगळे नमुने एकाच वेळी जन्मलेले, जन्मताना सगळ्यांचं स्ट्रॉन्शियम गुणोत्तर एकच, आणि तेव्हापासून आत-बाहेर काही गेलेलं नाही. ग्रॅनाइट आणि त्याच्या शेजारचा नाइस ही एकाच दिवसाची भावंडं आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं? नाल्यात संपर्क बघितला का? ग्रॅनाइटच्या शिरा नाइसचे पट्टे कापत गेल्या असतील तर प्रश्न तिथंच मिटतो.

तुमच्याच आकड्यांनी करून बघितलं. तीन ग्रॅनाइट वेगळे काढले तर उतार ०.०३५८, छेद ०.७०१७, वय सुमारे २५२ कोटी. मार्गदर्शकांच्या आकड्यात चपखल बसतं. मग २५२ कोटी वर्षांपूर्वी नाइसचं गुणोत्तर किती होतं ते मागे मोजलं: न१ साठी ०.७०७४, न२ साठी ०.७०८५. म्हणजे ग्रॅनाइट थिजत होता तेव्हा नाइस आधीच म्हातारा होता, त्यात रुबिडियम-८७ कुजून स्ट्रॉन्शियम साचलेलं होतं. त्याचे ठिपके खालच्या टोकाला रेषेच्या वर बसले आणि त्यांनी उतार कमी केला. तुमचे २३१ कोटी ग्रॅनाइटचे नाहीत, नाइसचे नाहीत आणि रूपांतरणाचेही नाहीत. दोन पिढ्यांच्या वयाची सरासरी काढून घरातल्या कोणाचंच वय कळत नाही, तसलं ते.

अर्थात तीन ठिपक्यांवर २५२ छापायलाही मी तयार नाही. ग३ पासून शून्यापर्यंत रेषा ओढत नेताना छेद सहज दोन-तीन हजारांशांनी इकडेतिकडे होतो. त्या काळच्या मॅन्टलचं (कवचाखालच्या थराचं) गुणोत्तर ०.७०१५ च्या आसपास होतं, ०.७०१७ त्याच्या जवळ आहे म्हणून लगेच 'मॅन्टलमधून आलेला ग्रॅनाइट' असं लिहू नका.

एस-प्रकाराचं तर विसराच. ०.७०८ ची ती सीमा ऑस्ट्रेलियातल्या लॅकलन पट्ट्याच्या ग्रॅनाइटवरून आली, चॅपल आणि व्हाइट, १९७४. ते ग्रॅनाइट चाळीसेक कोटी वर्षांचे. आर्कियनच्या शेवटी (सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी) कवच इतकं मुरलेलंच नव्हतं, तीच पट्टी इथं लावून कसं चालेल? त्यापेक्षा ॲल्युमिना किती जास्त आहे, मस्कोव्हाइट-कॉर्डिएराइट ही खनिजं दिसतात का, हे बघा.

क्षयाचा स्थिरांक (रुबिडियम-८७ दर वर्षी किती वेगाने कुजतं तो आकडा) कोणता घेतला तेही लिहा. २०१५ पासून १.३९७२ गुणिले १० चा उणे ११ वा घात हा शिफारस केलेला आहे, तुम्ही तोच घेतलेला दिसतोय. १९७७ चा जुना १.४२ घेतला तर तुमचे २३१ चे २२७ होतात. जुन्या लेखांतली वयं शेजारी ठेवताना पोरं हे हमखास विसरतात.

हजारमाची_कोअर

ताई, टंगस्टन तुमच्या दगडाचं नाही, दळणाऱ्या भांड्याचं आहे. प्रयोगशाळेला विचारा, टंगस्टन कार्बाइडची मिल वापरली असणार. क्वार्ट्झ त्या भांड्याला घासतं आणि टंगस्टन पुडीत उतरतं. कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधलेले असतात, म्हणून कोबाल्टही बरोबर येतं. एरवी ग्रॅनाइटमध्ये कोबाल्ट जेमतेम काही पीपीएम. त्याच वाटेने टँटलमही आत शिरतं, तेव्हा निओबियम-टँटलम गुणोत्तर आणि टँटलम असलेला कुठलाही आलेख बाद. पुन्हा दळायचं तर अगेटच्या (अकीक दगडाच्या) भांड्यात. रुबिडियम-स्ट्रॉन्शियमला यानं धक्का लागत नाही.

झिरकोनियम एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी, आम्लात न विरघळवता) किती आणि आयसीपी-एमएसवर (आम्लात विरघळवून) किती?

आणि आपल्याकडे ग्रॅनाइट नाही असं म्हणू नका हो, खाली आहे. कोयनेच्या खोल छिद्रण प्रकल्पात गोठण्याला तीन किलोमीटरचं पथदर्शी विवर पाडलं, त्यात सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्टखाली ग्रॅनाइट-नाइसच लागला. वर लाव्हाचे थर, त्यांच्याखाली तुमच्या बागलकोटच्या दगडांची भावकी.

मिरजकर_फरशीवाली

प्रयोगशाळेला फोन केला. मिल टंगस्टन कार्बाइडचीच आहे. बाबांच्या मित्रांना कळवलं, ते जरा नाराज आहेत.

झिरकोनियम ग१ मध्ये एक्सआरएफवर १९०, आयसीपी-एमएसवर ८५. हाफनियमही कमी आहे.

रसायनी काका, नाल्याचे फोटो परत काढून बघितले. गुलाबी शिरा नाइसचे पट्टे आडव्या कापतात, दोन ठिकाणी स्पष्ट दिसतंय. पण एक शंका: वर्गात एक जण म्हणाला, ही सगळी नुसती मिश्रणरेषा असेल, नाइस आणि ग्रॅनाइट एकमेकांत मिसळून झालेली. ते कसं तपासायचं?

हजारमाची_कोअर

१९० चे ८५ म्हणजे झिरकॉन, झिरकोनियमचं चिवट खनिज, विरघळलेलाच नाही. उघड्या भांड्यात हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लाला तो दाद देत नाही, बंद टेफ्लॉन बॉम्बमध्ये दाबाखाली तापवावा लागतो किंवा लिथियम बोरेटबरोबर वितळवावा लागतो. झिरकॉन तळाशी राहिला की झिरकोनियम, हाफनियम आणि जड विरल मृदा मूलद्रव्यंही कमी दिसतात. गार्नेट ही जड मूलद्रव्यं धरून ठेवतं, मग त्यांतले ल्युटेशियम-यिटर्बियम घसरलेले बघून 'स्रोतात गार्नेट शिल्लक होतं' असा निष्कर्ष निघतो, आणि गार्नेटचा काही संबंधच नसतो. विरल मृदांच्या आलेखातल्या युरोपियमच्या खड्ड्यावर मात्र भरवसा ठेवायला हरकत नाही, तो प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पारमुळे पडतो. पिअर्सच्या १९८४ च्या रुबिडियम विरुद्ध यट्रियम अधिक निओबियम आलेखासाठी (ग्रॅनाइट कुठल्या भूपट्ट-परिस्थितीत झाला ते त्यावरून बघतात) एक्सआरएफचे आकडे वापरा.

वाईचा_जुना_रसायनी

मिश्रणाची शंका चांगली आहे, वर्गमित्राला शाबासकी द्या. दोन टोकांच्या साध्या मिश्रणात स्ट्रॉन्शियम गुणोत्तर विरुद्ध १/स्ट्रॉन्शियम ही सरळ रेषा यायला हवी. पण रुबिडियम सगळ्यांत जवळजवळ सारखं असेल तर खरा आयसोक्रॉनही त्या आलेखात सरळ दिसतो, म्हणून तेवढ्यावर थांबायचं नाही. रुबिडियम विरुद्ध स्ट्रॉन्शियमही काढा. मिश्रणात तेही सरळच हवं. तुमचं वाकतं: ५६० वरून ४०० वर येताना रुबिडियम बारानेच वाढतं, २१५ वरून १७० वर येताना पंधराने. साधं मिश्रण नाही. ग्रॅनाइटपुरतं बोलायचं तर प्लॅजिओक्लेज आधी स्फटिक होऊन स्ट्रॉन्शियम घेऊन गेलं, रुबिडियम द्रवात राहिलं, असंच चित्र आहे.

रूपांतरणाचं वय हवं असेल तर अख्ख्या दगडाच्या मागे लागू नका. नाइसमधला बायोटाइट (काळा अभ्रक) वेगळा करा, जोडीला प्लॅजिओक्लेज किंवा ॲपेटाइट. बायोटाइटचं घड्याळ तीनशे अंशांच्या आसपास बंद होतं, म्हणजे मिळेल ते थंड होण्याचं वय, कमाल तापमानाचं नाही. हे वाक्य प्रबंधात जसंच्या तसं टाका, तोंडी परीक्षेत विचारतात.

ग्रॅनाइटच्या जन्माला झिरकॉन. युरेनियम त्याच्या जाळीत बसतं, शिसं बसत नाही, म्हणून आत सापडतं ते शिसं युरेनियम कुजूनच झालेलं, आणि नऊशे अंशांपर्यंत तो सहसा हलत नाही. ग१ चे पाचेक किलो घ्या, मूठभर तुकडा पुरत नाही. फोडा, चाळा, पाण्यात घोळा, चुंबकाने आणि जड द्रवाने वेगळं करा. वय मोजायला लेझर मारण्याआधी प्रत्येक कणाची कॅथोडोल्युमिनेसन्स प्रतिमा (इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यात कणातले थर दाखवणारी) घ्या, नाहीतर गाभ्यात नाइसकडून आलेला जुना झिरकॉन असेल आणि ठिपका नेमका गाभा-कडेच्या हद्दीवर पडेल. न२ चेही वेगळे काढा. आणि दोन्ही पुड्या एकाच चाळणीतून चाळू नका, झिरकॉन जाळीत अडकून राहतात.