खारपाणपट्ट्यातील घरी फायटर मासा आजारी: शेपटी झडते आहे, खाणे बंद आहे

प्रश्न (शिवणकाम करणारी, दर्यापूर तालुका)

नमस्कार. मी अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुक्यात एका लहान गावात राहते आणि घरीच शिवणकाम करते. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मुलाने अमरावतीहून निळ्या रंगाचा एक फायटर मासा आणला, ज्याला बेटा असेही म्हणतात. मुलगा त्याला निळू म्हणतो. दुकानदाराने सोबत 3 लिटर पाणी मावेल असे काचेचे गोल भांडे दिले आणि या माशाला हवेची मशीन लागत नाही, मोठी टाकीही लागत नाही, असे सांगितले. त्यामुळे आम्ही अधिक चौकशी केली नाही.

दोन महिने निळू ठणठणीत होता. मागच्या आठवड्यात थंडी वाढली तेव्हापासून तो तळाशी एका कुशीवर पडून राहतो आणि श्वास घेण्यापुरताच वर येतो. शेपटीच्या कडा करपलेल्या कापडासारख्या तपकिरी-काळ्या झाल्या असून त्यांच्या झिरमिळ्या निघाल्या आहेत. ओठाजवळ एक बारीक पांढुरका डाग दिसतो. गेले 4 दिवस तो दाणा तोंडात घेतो आणि लगेच थुंकतो.

पाणी खराब झाले असावे असे समजून मी रोज सकाळी भांडे पूर्ण रिकामे करते, घासते आणि बोअरचे ताजे पाणी भरते. दुकानदाराच्या सांगण्यावरून निळ्या औषधाचे 2 थेंबही टाकून पाहिले, परंतु फरक पडला नाही. गुरांच्या डॉक्टरांना विचारले असता त्यांनी माशांचा अनुभव नसल्याचे प्रांजळपणे सांगितले. मुलगा शाळेतून आल्यावर दप्तर न ठेवता आधी भांड्याजवळ जातो, म्हणून विचारते आहे: हा मासा वाचण्यासारखा आहे का, आणि असल्यास मी नेमके काय करावे?

उत्तर 1 (हौशी मत्स्यपालक, अकोला)

ताई, मासा श्वासासाठी वर येतो आहे आणि दाणा निदान तोंडात तरी घेतो आहे, यावरून तो वाचण्यासारखा आहे असे मला वाटते. मी गेली 11 वर्षे हे मासे पाळतो. आपल्या भागात डिसेंबर-जानेवारीत आजारी पडणाऱ्या बहुतेक फायटरचे पहिले कारण थंडी हेच असते, असा माझा अनुभव आहे. हा मासा मूळचा थायलंडचा असून त्याला 24 ते 28 अंशांचे पाणी मानवते. 20 अंशांखाली त्याची हालचाल आणि पचन मंदावते, रोगाशी झुंजण्याची ताकद कमी होते, आणि एरवी पाण्यात असतातच असे जिवाणू परांच्या कडा कुरतडू लागतात.

आपल्याकडे रात्री पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी 28 वर जातो. 3 लिटरचे भांडे या चढउतारासोबत भरभर थंड-गरम होते. 20 लिटरच्या टाकीत तोच बदल बराच हळू होतो. ताबडतोब एक साधा थर्मामीटर घ्या आणि पहाटे 6 वाजता व दुपारी 3 वाजता पाण्याचे तापमान लिहून ठेवा. भांडे खिडकीजवळ असेल तर आजच हलवा. शक्य झाल्यास 25 वॅटचा हीटर आणून पाणी 28 अंशांपर्यंत न्या, अर्ध्या अधिक तक्रारी त्यानेच कमी होतील.

उत्तर 2 (अचलपूर)

आमच्याकडे घरी जखमेवर हळद लावतात. पाण्यात चिमूटभर हळद आणि चमचाभर मीठ टाकून पाहावे. माझ्या भावाच्या टाकीतील गोल्डफिश याच उपायाने बरा झाला होता.

उत्तर 3 (मत्स्यविज्ञान पदवीधर, नागपूर)

मी नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकलो आहे. वरील दोन्ही उत्तरांमागील तळमळ मान्य करूनही दोन ठिकाणी थांबायला सांगतो.

पहिले, हळद नको. तिची पूड पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते आणि कुजून पाणी बिघडवते. शिवाय माशाच्या नाजूक कल्ल्यांवर बारीक कण चिकटू शकतात. मिठाबद्दल मी खाली लिहितो, कारण खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतील पाणी मुळातच खारे असलेल्या आपल्या भागात, तो प्रश्नच निराळा आहे.

दुसरे, एकदम 28 अंशांवर जाऊ नका. ओठाजवळचा पांढुरका डाग कापसासारखा पसरत असेल तर तो कॉलम्नारिस नावाचा जिवाणूजन्य रोग असू शकतो. दिसायला बुरशीसारखा असणारा हा रोग उबदार पाण्यात अधिक वेगाने पसरतो. डाग 24 तासांत वाढतो का, हे पाहा आणि तोवर पाणी 25 अंशांच्या आसपास ठेवा. तेथपर्यंतही रोज 2-3 अंशांच्या टप्प्यानेच पोहोचा. आपण वर्णन केलेली काळवंडलेली, झिरमिळ्या निघालेली शेपटी ही परकूज आहे आणि वेळीच पाणी सुधारल्यास तिच्यातून मासा सावरतो. माशाला वरून पाहा: खवले देवदाराच्या फळासारखे उभे राहिलेले दिसले तर अंगात पाणी भरले आहे असे समजावे आणि तेव्हा आशा कमी असते. आपण तसे काही लिहिलेले नाही, ही चांगली बाजू आहे.

आता मुख्य मुद्दा. ताई, आपण रोज संपूर्ण पाणी बदलत आहात ते काळजीपोटीच, परंतु माझ्या मते निळूला सर्वात जास्त त्रास त्याचाच होतो आहे. माशाची विष्ठा आणि उरलेला दाणा यांपासून अमोनिया तयार होतो. स्थिरावलेल्या टाकीत गाळणीच्या स्पंजवर वाढलेले उपयोगी जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही घडी बसायला 4 ते 6 आठवडे लागतात. घासून धुतलेल्या भांड्यात ती कधीच बसत नाही, म्हणून दिवसभर साचणारा अमोनिया आणि सकाळचे निराळ्या तापमानाचे पाणी असे दोन्ही फटके माशाला रोज बसतात. पूर्णेच्या खोऱ्यातील पाणी खारे असते आणि पुष्कळदा अल्कधर्मीही असते; पाणी जितके अल्कधर्मी, तितका त्याच अमोनियाचा विषारी भाग वाढतो.

निळे औषध बहुधा मेथिलीन ब्ल्यू असावे. ते मुख्यतः बुरशीवर चालते, परकुजीवर त्याचा भरवसा नाही, आणि पुढे स्पंजची गाळणी बसवल्यावर तेच औषध उपयोगी जिवाणूंना मारील. त्यामुळे ते बंद करा. घरात गुरांसाठी आणलेले टेट्रासायक्लिन असेल तर तेही वापरू नका. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी ते बांधले जाते आणि त्याचा प्रभाव बराच घटतो.

पुढचे सांगण्याआधी मला दोन आकडे हवे आहेत. गावातील आरओ प्लांटवाल्याकडे क्षार मोजण्याचे टीडीएस मीटर नक्की असते. बोअरचे आणि त्याच्या जारचे, अशा दोन्ही पाण्यांचा आकडा त्याच्याकडून घेऊन येथे लिहा.

प्रश्नकर्ती

आपल्या सर्वांचे आभार. पहाटे पाण्याचे तापमान 16 आणि दुपारी 24 भरले. भांडे खिडकीतच होते, आता आतल्या खोलीत ठेवले आहे. बोअरच्या पाण्याचा टीडीएस 1850 आणि जारच्या पाण्याचा 70 आला. मग आजपासून सरळ जारचेच पाणी भरू का? डाग कालपासून वाढलेला नाही. खवले सपाट आहेत.

उत्तर 3 (मत्स्यविज्ञान पदवीधर, नागपूर)

कृपया तसे करू नका. 1850 वरून एकदम 70 वर टाकलेल्या माशाच्या अंगात पाणी वेगाने शिरू लागते आणि आजारी शरीराला तो धक्का सोसत नाही. आपल्या बोअरच्या प्रत्येक लिटरमध्ये जवळपास 2 ग्रॅम क्षार आधीच विरघळलेले आहेत, आणि गोड्या पाण्यातील आजारी माशाला आम्ही लिटरमागे 1 ते 2 ग्रॅमच मीठ देतो. म्हणजे मिठाच्या उपचाराइतके क्षार निळूला दोन महिने मिळतच आहेत. वरून चमचाभर मीठ टाकण्यात काही अर्थ नाही.

मी असे करीन. 8-10 लिटरचा एक नवा प्लास्टिकचा टब घ्यावा, ज्याला कधीही साबण लागलेला नाही, आणि त्यात सध्याचेच बोअरचे पाणी 5 लिटर भरावे. पाण्याची खोली 10 ते 12 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, कारण अशक्त माशाला पृष्ठभागापर्यंत सहज पोहोचता आले पाहिजे. मग रोज सकाळी 1 लिटर पाणी तळाच्या घाणीसह नळीने काढून तेवढेच जारचे पाणी घालावे. या हिशेबाने टीडीएस पहिल्या दिवशी सुमारे 1500, मग 1200, 980, 800, 650 आणि सहाव्या दिवशी साधारण 540 होईल. तेथे थांबून पुढे नेहमीसाठी 1 भाग बोअर आणि 3 भाग जार असे मिश्रण वापरावे. नुसत्या आरओच्या पाण्यावर मासा कायम ठेवू नये. त्यात पाण्याची प्रत स्थिर ठेवणारे क्षार फारच थोडे असतात.

दोन सूचना आवर्जून पाळा. गावात मिळणारे जार बहुधा गार केलेले असतात, म्हणून ते पाणी आदल्या रात्री काढून टबाच्या खोलीतच ठेवा आणि वापरताना थर्मामीटरने ताडून पाहा. पाणी ओतू नका. मेडिकलमधून सलाईनची नवी नळी आणून उंचावर ठेवलेल्या भांड्यातून दोन-तीन तासांत थेंब-थेंब सोडा. ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी कधी वापरायची वेळ आली तर त्यात ब्लीचिंग पावडर असते हे ध्यानात ठेवून आधी क्लोरीन घालवणारे हायपोचे खडे वापरा.

उत्तर 1 (हौशी मत्स्यपालक, अकोला)

तापमानाबाबतची दुरुस्ती मला मान्य आहे, ओठावरच्या डागाकडे माझे लक्ष गेले नव्हते. भारनियमनात हीटरचा उपयोग होत नाही, म्हणून एक युक्ती सांगतो. मासळी बाजारातून थर्मोकोलची जुनी पेटी आणून स्वच्छ धुवा, टब तिच्यात बसवा आणि रात्री वरून गोधडी टाका. मात्र झाकणाला फट ठेवा, कारण हा मासा कल्ल्यांसोबत डोक्यातील एका खास इंद्रियाने वरची हवाही घेतो. पेटीत टबाच्या बाजूला गरम पाण्याची बंद बाटली ठेवली तरी पहाटेपर्यंत ऊब टिकते. हीटर लावलाच तर पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढा.

उत्तर 4 (तलावाकाठचा, भंडारा)

आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मामा तलावांवर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांवर, मासेमारी चालत आली आहे. फायटर मी प्रथम पाहिला तेव्हा तो मरळीसारखा वर येऊन हवा घेतो, हे पाहून ओळखीचाच वाटला. त्याला पेल्यातही ठेवता येते, असे सांगणारे लोक थायलंडच्या भातशेतीचे उदाहरण देतात. आमच्या धानाच्या बांधीतही पाणी वीतभरच असते, परंतु बांधी एकरभर पसरलेली असते, हे त्यांना कोणी विचारत नाही.

खाण्याबद्दल सांगतो. आजारी मासा खात नसेल तर दोन-तीन दिवस काहीच देऊ नका. थुंकलेला दाणा तसाच राहिला तर तोच पाणी नासवतो. नंतर डासांच्या जिवंत अळ्या एका वेळी 2 किंवा 3 द्या, कारण हा मासा मुळात कीटक खाणारा आहे आणि हलणारे भक्ष्य पाहून त्याची भूक जागी होते. अळ्या घरामागे स्वतः ठेवलेल्या बादलीतील घ्याव्यात आणि बादली तीन-चार दिवसांआड रिकामी करावी, नाहीतर डेंग्यूला आमंत्रण मिळेल. शेताच्या धुऱ्यावरील डबक्यातील अळ्या घेऊ नका. कपाशीवर आणि तुरीवर फवारलेली औषधे तेथे उतरतात आणि त्यांपैकी काही माशाला अत्यल्प प्रमाणातही मारतात. फवारणी करून आलेल्या माणसाने हात धुतले असले तरी टबात घालू नयेत. खोलीत डासांची अगरबत्ती किंवा लिक्विड मशीनही लावू नये, कारण तीही त्याच जातीची विषे आहेत.

आपल्या अंगणात किंवा शाळेत देशी बदामाचे झाड असल्यास आपोआप गळलेले वाळके पान धुऊन टबात टाका. पाणी चहासारखे होईल, घाबरू नका. त्यातील टॅनिनमुळे जिवाणूंना थोडा आळा बसतो आणि माशाला आडोसाही मिळतो.

प्रश्नकर्ती (तीन आठवड्यांनंतर)

उशिरा लिहिते आहे, लग्नसराईच्या कपड्यांमुळे वेळ मिळाला नाही. टब, पेटी आणि सलाईनची नळी हे सर्व सांगितल्याप्रमाणे केले. माझे दीर रोज विचारत होते की पेशंटची बाटली संपली का. चौथ्या दिवसापासून पाणी सतत 25 अंशांवर आहे. पाचव्या दिवशी निळूने पहिली अळी खाल्ली. ओठाजवळचा डाग आठवड्यात फिका होऊन गेला. शेपटीचा काळा भाग अजून थोडा आहे, पण त्याच्या पुढे प्लास्टिकच्या कागदासारखी पारदर्शक कड आली आहे. ती रोगाची तर नाही ना? मुलाने शाळेतील बदामाची इतकी पाने आणली आहेत की उन्हाळाभर पुरतील. दुसरा प्रश्न त्या उन्हाळ्याचाच आहे: मे महिन्यात आमच्या घरात माणसांचेही हाल होतात, तेव्हा याला कसे ठेवावे?

उत्तर 3 (मत्स्यविज्ञान पदवीधर, नागपूर)

पारदर्शक कड म्हणजे नवा पर आहे. त्याला रंग नंतर भरतो आणि पूर्ण शेपटी यायला महिना-दोन महिने लागू शकतात. आता 20 लिटरची टाकी आणि स्पंजची गाळणी बसवायला हरकत नाही. स्पंज धुवायचा तो काढलेल्या जुन्या पाण्यातच, नळाखाली कधीही नाही. पहिले 6 आठवडे दर तिसऱ्या दिवशी चौथाई पाणी बदला.

उत्तर 1 (हौशी मत्स्यपालक, अकोला)

उन्हाळ्यात हीच थर्मोकोलची पेटी उलट कामाला येते. टाकी घरातील सर्वात आतल्या खोलीत जमिनीवर ठेवा आणि माठाला गुंडाळतो तसे ओले पोते बाहेरून गुंडाळा. बर्फ पाण्यात टाकू नका. आणखी एक गोष्ट आपल्या पट्ट्यातील लोक विसरतात: उन्हाने पाणी उडते, क्षार मात्र मागे राहतात. त्यामुळे उडालेल्या पाण्याची भर नुसत्या जारच्या पाण्याने करा आणि 1 भाग बोअर, 3 भाग जार हे मिश्रण पाणी बदलायच्या दिवशीच वापरा.