"बीपी वाढवायचं इंजेक्शन हार्ट फोडते" म्हणे!

पराटीवाला: काल गावच्या ग्रुपवर पोस्ट फिरली, आयसीयूत बीपी वाढवायचं इंजेक्शन लावलं की हार्ट फुटते, पेशंट गेला समजा. डोकंच फिरलं राजेहो. इन्फेक्शन रक्तात पसरलं की नसा ढिल्या पडतात, मोटार तीच पण दोन इंचीच्या जागी चार इंची पाइप जोडल्यावर धार पडते तसं. आधी सलाईन, त्यानं नाही भागलं तर नॉरअ‍ॅड्रेनलिन, म्हणजे हेच बीपी वाढवायचं इंजेक्शन, ते नसा आवळते, मीन प्रेशर म्हणजे सरासरी बीपी 65 च्या आसपास राहिलं तर किडनीले रक्त भेटते. पेशंट जायला लागला म्हणून इंजेक्शन लावतात, उलटं नाही.

सोयाबीन_कास्तकार: ज्ञान तुमच्याजवळच ठेवा. माह्या बापाले पाच दिवस सिरिंज पंपावर तेच चालू होतं, पायाचे बोटं काळे पडले. काहून, ते कोणीच सांगतलं नाही.

पराटीवाला: बोटाचं खरं आहे. डोस वाढला की टोकापर्यंत रक्तच पोचत नाही. अन् आवळलेल्या नसांत रक्त ढकलाले हार्टवर लोडही येतो, मान्य. पण पोस्ट तरीबी बोगसच.

रिटायर_सिस्टर: आमच्या वेळी ऊठसूट डोपामाइन, बीपी वाढवायचंच दुसरं औषध, लावायचे, मॉनिटर सारखा बोंबलायचा. 2010 मध्ये 1679 पेशंटचा अभ्यास आला, ठोके बिघडायचं प्रमाण डोपामाइनवर 24 टक्के, नॉरअ‍ॅड्रेनलिनवर 12. म्हणून सगळी औषधं एका पोत्यात भरू नका.

मैदान_1600: हे सोडा. आमच्याकडे भरतीचे पोट्टे मेफेंटरमिन टोचून पळतात, त्यावर बोला न! सीझरमधी पाठीत सुई दिल्यावर बीपी घसरते त्यासाठीचं औषध हाय ते.

रिटायर_सिस्टर: अरे देवा. ते शरीरातलाच नॉरअ‍ॅड्रेनलिनचा साठा बाहेर काढतं, साठा संपला की पुढचा डोस लागू पडत नाही, मग पोरं अजून टोचतात.

मैदान_1600: माह्या मावसभावाले राउंड मारल्यावर छातीत असं धडधडलं की दोन तास बांधावर झोपून होता. वरून म्हणते, टाइम तर निघाला न! देणारा मेडिकलवालाच, चिठ्ठी ना काही.

मेडिकल_काउंटर: सगळ्याच मेडिकलवाल्यांले एका काठीनं हाकू नका बे. मी परत पाठवतो, तर पोट्टे बाहेर उभे राहून शिव्या देतात.

मैदान_1600: हो, तुम्ही तेवढे साधू.

पराटीवाला: अबे विषय काय होता?

सोयाबीन_कास्तकार: बरं बाप्पा, इंजेक्शननं नाही मारलं, तुमी जिंकले. बोटाचं जे तुमी दोन ओळीत सांगतलं ते तिथं कोणी सांगतलं असतं तर मी भांडाले आलोच नसतो. चालू द्या तुमचं, लाइन आली, हरभऱ्याले पाणी लावाले जातो.