गुझी ८५० टी३: तेलात चमकणारे पापुद्रे, सिलिंडर बोअर करू का?

बर्गामोकर:
नमस्कार. माझी मोटो गुझी ८५० टी३, १९७५ ची इटालियन मोटरसायकल. शेजारच्या आजोबांनी ती आयुष्यभर जपली, आता मी घरीच दुरुस्त करते आहे. केबल, कार्ब्युरेटरची रबरं झाली. पण काल तेल काढलं, तर ट्रेमध्ये बारीक चमचमणारे पापुद्रे! धूर नाही, आवाजही गोड आहे. सिलिंडर बोअर करून (आतून घासून थोडा रुंद करून) घेऊ, की नुसतं तेल बदलू? इंजिन खोलायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

जुनीगाडी:
ताई, आता गाडी सुरूच करू नका. पापुद्र्यांना लोहचुंबक लावा. चिकटले नाहीत तर बहुधा क्रोम. या सिलिंडरच्या ॲल्युमिनियमला आतून क्रोमचा थर असतो. तो सुटला की तेलातून बेअरिंगपर्यंत पोचतो. बोअरिंग इथे चालत नाही, थरच निघून जातो.

कोमोकाठ:
सहमत. माझ्या टी३ला मी जिलार्डोनीचे निकासिल (आतून निकेलचा टिकाऊ थर असलेले) सिलिंडर आणि पिस्टन बसवले, फार समाधानी आहे. कंपनी मांडेल्लोचीच, गुझीच्या गावची. सिलिंडर आणि पिस्टनवरची ए-बी-सी ही मापाची अक्षरं जुळतायत ना, बघून घ्या. पण खरं काम खाली आहे. क्रँकपिनच्या (क्रँकशाफ्टवर पिस्टनचे रॉड जिथे बसतात त्या भागाच्या) पोकळीत गाळ साचतो. पोकळीचं बूच काढून तो साफ केलाच पाहिजे. रॉडची बेअरिंगं तपासा, संपमधला (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीतला) फिल्टर बदला. आधीच्या ८५० टीला तो फिल्टरही नव्हता. सिलिंडर जागच्या जागी निघतात, क्रँकसाठी मात्र इंजिन उतरवावं लागेल.

बर्गामोकर:
चुंबकाला काहीच चिकटलं नाही. शनिवारी डाव्या सिलिंडरचं हेड (वरचं झाकण) काढते, फोटो टाकते.