शब्दचर्चा: देवाची वाट पाहायची की प्रतीक्षा करायची?

नगरची_लेक: आमच्या चर्चच्या आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या आठवड्यांच्या) पुस्तिकेसाठी एका इंग्रजी लेखाचं मराठी करतेय. विषय बायबलमधला अब्राहाम. वयाच्या ७५व्या वर्षी देवाच्या शब्दावर हारान सोडतो, देवानं कबूल केलेला मुलगा इसहाक होतो तेव्हा हा १०० वर्षांचा. मधली २५ वर्षं माणसानं काढायची कशी, असा लेख. मी लिहिलं: ‘देवाच्या आश्वासनांवर भरवसा ठेवून त्याची वाट पाहा.’ तपासणाऱ्या काकांनी लाल पेनानं केलं: ‘अभिवचनांवर विश्वास ठेवून प्रतीक्षा करा.’ म्हणे, वाट एसटीची बघतात. सासूबाईंचं उलट, अभिवचन हा शब्द त्यांनी पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) तोंडून सोडून कुठे ऐकलेला नाही. काय ठेवू?

कोशकिडा: प्रतीक्षा म्हणजे प्रति अधिक ईक्ष्. ईक्ष् म्हणजे पाहणे. वाट पाहण्यात जे आहे तेच, फक्त सोवळं नेसलेलं. आणि एसटीचंच म्हणाल तर रेल्वेवाल्यांनी प्रतीक्षालय आणि प्रतीक्षा यादी कधीच काढली आहे. काकांना सांगा, त्यांचाही शब्द फलाटावरचाच.

सडेतोड: काही झालं तरी आश्वासन काढा. ऐकलं की मंत्री आणि उपोषण सोडताना दिलेला लिंबूपाण्याचा ग्लास दिसतो. साधं ‘वचन’ का नको? रघुकुलापासून चालत आलेला शब्द आहे.

वसईकर_५७: सडेतोड, ख्रिस्ती घरात वचन म्हणजे बायबलमधली ओळ. ‘आजचं वचन काय?’ विचारलं तर कोणी शपथ घालत नसतं, ओळ विचारत असतं. ‘वचनावर विश्वास ठेवा’ म्हटलं की अर्ध्यांना ग्रंथ ऐकू येतो, अर्ध्यांना दिलेला शब्द. घोटाळा टाळायला अभि लागला असावा, असं माझं मत.

सडेतोड: मग ‘शब्द’ म्हणा. दिलेला शब्द पाळला, मोडला. याहून मराठी काय असणार?

हिब्रू_शिकाऊ: गंमत म्हणजे जुन्या करारातल्या हिब्रूत प्रॉमिससाठी असा खास राखीव शब्दच नाही. ‘दाबार’, म्हणजे शब्द, बोल, किंवा नुसतं ‘देव बोलला’. तो बोलला म्हणजे आलंच त्यात. वेगळा ‘एपांगेलिया’ येतो तो नव्या कराराच्या ग्रीकमध्ये. तेव्हा वसईकरांना घोटाळा वाटतो तो मुळातच आहे आणि मला तो आवडतो.
वाट पाहण्याचं क्रियापद ‘कावा’. स्तोत्र २७:१४ मध्ये तेच, यशया ४०:३१ मध्येही तेच. आपल्या पवित्र शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलात, मात्र पहिल्या ठिकाणी प्रतीक्षा आहे, दुसऱ्या ठिकाणी आशा धरणं. त्याच कुळातला ‘तिकवा’ म्हणजे आशा. आणि यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात राहाब खिडकीला किरमिजी दोर बांधते ना, तो दोरही तिकवाच.

सडेतोड: कावा? गनिमी?

हिब्रू_शिकाऊ: वाटलंच होतं कोणीतरी हे विचारणार.

निवृत्त_लिपिक: सासूबाईंना सांगा, अभिवचन पाळकांचं एकट्याचं नाही. आमच्या कारागृह खात्यात फर्लो म्हणजे संचित रजा आणि पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. ‘परत येतो’ असा शब्द देऊन कैदी बाहेर जातो. पॅरोल हा मूळ फ्रेंच शब्दही ‘दिलेला शब्द’ याच अर्थाचा. मी हा शब्द आयुष्यभर टाइप केला, त्यात अध्यात्म आहे हे आज कळलं.

नगरची_लेक: लिपिककाका, आता पुस्तिकेत अभिवचन वाचलं की मला येरवडा दिसणार!

साध्या_बोलीची: काका वि. सून या भांडणात पंडिता रमाबाई सुनेच्या बाजूनं उभ्या राहिल्या असत्या. केडगावला त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, ते खेड्यातल्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ ला त्या गेल्या, बायबल पुरतं छापून आलं १९२४ ला. आणि शंभर वर्षांनी आपण ‘प्रतीक्षा’वर अडलोय.

कोशकिडा: सोपं म्हणजे घरगुतीच असं नाही. फादर स्टीफन्सनं १६१६ च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. श्रोत्यांना कळलं, कारण ते पुराण ऐकणारेच होते. ज्याच्या कानावर जे पडलेलं असतं ते त्याला सोपं.

विटेवरचा: बाहेरचा माणूस बोलतो, राग नसावा. आमच्याकडे वाट देव बघतो. युगे अठ्ठावीस, तेही उभ्यानं.

हिब्रू_शिकाऊ: राग कसला! यशया ३०:१८ काढा. तिथे तुमच्यावर कृपा करावी म्हणून परमेश्वरच थांबलेला आहे. फक्त क्रियापद वेगळं, ‘हाका’.

नगरची_लेक: छान चाललंय, पण माझं वाक्य?

वसईकर_५७: ताई, वाक्य बाजूला ठेवा, मला उदाहरणच पटत नाही. अब्राहामानं वाट कुठे पाहिली? इश्माएल झाला तेव्हा तो ८६ वर्षांचा. म्हणजे अकराएक वर्षांत धीर सुटला आणि मुलासाठी दासी हागारेला मधे आणलं.

साध्या_बोलीची: ती युक्ती त्याच्या बायकोची, सारेची होती. आणि मूल नसलेल्या बाईला अकरा वर्षं ‘एक’ वाटत नाहीत, भाऊ.

वसईकर_५७: मान्य. तरी मला विचाराल तर यिर्मया संदेष्टा घ्या, अध्याय ३२. यरुशलेमेला वेढा पडलेला, हा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि अनाथोथातलं चुलतभावाचं शेत १७ शेकेल चांदी मोजून विकत घेतो. का, तर या देशात पुन्हा घरं-शेतं विकत घेतली जातील असं देव बोललाय म्हणून. शत्रू दाराशी असताना कोणी जमीन घेतं का? मी याला भरवसा म्हणतो. डोळे मिटून बसणं वेगळं.

निवृत्त_लिपिक: खरेदीखत रीतसर आहे बरं का त्यात! साक्षीदारांच्या सह्या, एक मोहोरबंद प्रत, एक उघडी प्रत, आणि दोन्ही टिकाव्यात म्हणून मातीच्या मडक्यात. आमच्या खात्यात इतकी काळजी कोणी घेतली नाही.

कोशकिडा: म्हणूनच म्हणतो, प्रतीक्षा ‘करतात’. करणं आहे त्यात.

सडेतोड: मघाशी तर सोवळं होतं! ‘धीर धरा’ लिहा. नाहीतर सबुरी. नगर जिल्ह्याला शिर्डीमुळे ओळखीचा शब्द आहे.

कोशकिडा: सबुरी अरबी ‘सब्र’वरून. आणि चर्चच्या पुस्तिकेत श्रद्धा-सबुरी छापली तर काका लाल पेन नाही, लाल झेंडा घेऊन येतील.

सडेतोड: अरबी म्हणून नको? मग वकील, हकीकत, वायदा सगळं परत पाठवा. नाहीतरी देवाचा शब्द ‘वायदा’ नाहीच, वायद्याला तारीख असते.

विटेवरचा: शिवाय सबूर! म्हणजे नुसतं ‘थांब’. जुन्या ऐतिहासिक नाटकांत तलवार उपसलेल्या माणसाला म्हणतात. मोरिया डोंगरावर इसहाकाचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहामाला देवदूतानं तेच म्हटलं असणार.

वसईकर_५७: तलवार नव्हती तिथे, सुरा होता.

कोशकिडा: सुरा हा पुन्हा वेगळाच विषय. संस्कृतात क्षुर म्हणजे वस्तरा...