टेरेसची किल्ली आणि मे महिन्याचा पाऊस

भुसावळ, सोसायटी ग्रुप. सोमवार, २ जून २०२५

झोपे वहिनी ए-१०२ (सायं. ६:४१)
नमस्कार. मे च्या मेंटेनन्स बिलात आमच्या नावावर "टेरेस सफाई ३०० रु" लावलेत. कोणी लावले, का लावले ते इथेच सांगा, पर्सनलवर नको.

वाणी सेक्रेटरी (६:४४)
वहिनी, पावसाच्या पाईपच्या तोंडात पीठ अडकलं होतं, पाणी जिन्यात उतरलं. माणूस लावून काढावं लागलं. कमिटीत ठरलं. गैरसमज नसावा 🙏

झोपे वहिनी (६:४९)
पीठ नव्हतं ते, बिबड्या होत्या माझ्या, ज्वारीचे पापड. तीन दिवस ज्वारी भिजवली, पहाटे चारला उठून घाटा शिजवला, तीळ लसूण मिरची सगळं घालून मी आणि सासूबाईंनी दोन साड्या भरून थापल्या. कडा सुटायला लागल्या होत्या. दुपारी चारला यावलकडून धूळ उठली, मी चपला न घालता वर पळाले तर टेरेसला कुलूप. साधा प्रश्न आहे. त्या दिवशी किल्ली कोणाकडे होती?

सोनवणे अण्णा सी-१०४ (६:५१)
पानी मे मा पडना नि भांडन जून मा चाली राह्यनं 😂

पाटील आप्पा बी-३०२ (६:५५)
त्या दिवशी १८ मिमी. माझ्या डायरीत नोंद आहे. मी फैजपूरला बारशाला होतो पण रात्री आल्यावर पहिले पाऊस मोजला, मगच जेवलो. मे मधे एकूण ९ दिवस पाऊस. रेल्वेत ३४ वर्ष काढली पण भुसावळला असा मे पाहिला नाही. कमाल तापमान ४७ सुद्धा याच महिन्यात.

निखिल चौधरी बी-२०४ (६:५९)
आप्पा ४७ नका ना टाकू ग्रुपवर, मागच्या वेळी ते माझ्या पुण्याच्या मावशीपर्यंत पोचलं. तुमचं थर्मामीटर पश्चिमेच्या भिंतीला खिळ्यावर आहे, ते भिंतीचा ताप मोजतं. वेधशाळेचं पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतं, सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर.

पाटील आप्पा (७:०१)
आम्ही काय पेटीत राहतो का? आम्ही भिंतीतच राहतो.

सोनवणे अण्णा (७:०१)
आप्पा १, वेधशाळा ०

महाजन सर सी-३०१ (७:०४)
मला एक कळत नाही, इतकं तापूनही आपल्याकडे लवकर उष्णतेची लाट जाहीर करत नाहीत आणि तिकडे कुठे ४१ झालं की लगेच बातमी.

निखिल चौधरी (७:०८)
सर, मैदानी भागात ४० च्या वर पाहिजे आणि शिवाय नेहमीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त पाहिजे, तेव्हा लाट. किंवा सरळ ४५ झालं तर. आपलं मे चं नेहमीचंच बेचाळीसच्या आसपास, मग साडेचार अजून कुठून आणायचे.

सोनवणे अण्णा (७:०९)
म्हणजे आपल्याला लाट येत नाही, आपण समुद्रातच राहतो.

झोपे वहिनी (७:१०)
साधा प्रश्न आहे. त्या दिवशी किल्ली कोणाकडे होती?

शेख भाई ए-३०४ खजिनदार (७:१५)
वहिनी किल्लीचं बघू, पण बिलाचं निघालंच आहे तर मलाही बोलायचं आहे. मे मधे ११ टँकर घेतले. लोक मला जिन्यात अडवून विचारतात की एवढा पाऊस पडला तर टँकर कशाला. मी काय पाऊस अडवून ठेवला का?

निखिल चौधरी (७:२१)
शेख भाई, अडवायलाच पाहिजे होता. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. आपली टेरेस तीन हजार स्क्वेअर फूट, म्हणजे २८० चौरस मीटर धरा. आप्पांचे १८ मिमी खरे असतील तर एका दुपारी पाच हजार लिटर, म्हणजे आपला एक टँकर, पार्किंगमधून गटारीत गेला. मी मागच्या वर्षी टेरेसचा पाईप बोअरकडे वळवायचं म्हटलं तेव्हा कोणी हसलं होतं ते सांगत नाही.

वाणी सेक्रेटरी (७:२३)
कोणी हसलं नव्हतं. बजेट नव्हतं. बिल्डरने दिलेलं वॉटरप्रूफिंग आधी बघायचं का पाईप?

महाजन सर (७:२६)
*फॉरवर्ड:* नवतपा तापला नाही तर पावसाळा कोरडा जातो. २५ मे ला सूर्य रोहिणीत गेला आणि यंदा नऊ दिवस नीट तापलेच नाहीत. सर्वांनी पाणी जपून वापरा.

निखिल चौधरी (७:३१)
सर, यंदा तापायला वेळच कुठे मिळाला. कोकण किनाऱ्यावर कमी दाबाचं झालं, ते २४ तारखेला रत्नागिरी दापोलीच्या मधे जमिनीवर आलं, त्याच दिवशी केरळात मान्सून आला, २६ ला मुंबईत. एवढ्या लवकर मुंबईत कधीच आला नव्हता. देशाची मे ची सरासरी १२६.७ मिमी झाली, १९०१ पासूनचा सगळ्यात ओला मे.

पाटील आप्पा (७:३३)
मग आपल्याकडे मान्सून आला का नाही?

निखिल चौधरी (७:३५)
नाही. त्याची रेघ मुंबई, अहिल्यानगर, आदिलाबाद अशी जाऊन थांबलीय. आपण रेघेच्या वर. आपल्याकडे झाला तो वळवाचा. म्हणून तर कृषी विभाग सांगतोय की पेरणीची घाई करू नका.

कोल्हे मॅडम ए-२०१ (७:३८)
पाऊस राहू द्या, कुलरचं सांगा कोणीतरी. एप्रिलमधे नवीन खस बसवली, तेव्हा काय गार हवा येत होती, दुपारी चादर लागायची. आणि मे मधे ३८ ला सुद्धा अंगाला नुसतं चिकट चिकट, कुलर लावला की घरात डबक्याचा वास. शेवटी एसी घेतला हप्त्यावर.

निखिल चौधरी (७:३९)
कुलर कोरड्या हवेचा गडी आहे मॅडम. हवेतच ओल असली की खसेवरचं पाणी उडतच नाही, गार कसं होणार.

सोनवणे अण्णा (७:४०)
मॅडम, एसीवाल्यांकडे बसायला येतो आम्ही सगळे. पापड आमचे.

झोपे वहिनी (७:४१)
पापडाचं नाव काढू नका. साधा प्रश्न आहे. त्या दिवशी किल्ली कोणाकडे होती?

भंगाळे भाऊ बी-१०३ (७:५२)
मी सहसा लिहीत नाही. पण अर्ध्या तासापासून वाचतोय आणि राहवत नाही. त्याच वावधनात, वादळवाऱ्यात, आमची यावलची केळीची बाग गेली. निसवून झाली होती, कापणीला पंधरा वीस दिवस बाकी. केळीला खोड कुठे असतं, नुसत्या पानांच्या पापुद्र्यांची गुंडाळी, वर घड लटकलेला. पाऊस यायच्या आधी वारा येतो ना, त्या दहा मिनिटांत सगळं आडवं. रांगेत पडली झाडं, एकाच दिशेला, जसं कोणी हाताने झोपवलं. व्यापारी पडलेल्या मालाला हात लावत नाही. आणि इथे ३०० रुपये चालू आहेत.

वाणी सेक्रेटरी (७:५५)
भाऊ, फार वाईट झालं. पंचनामा झाला का?

भंगाळे भाऊ (७:५९)
७२ तासात विमा कंपनीला कळवायचं असतं, कळवलं. तलाठी येऊन गेले. पण उन्हाचा, थंडीचा विमा महसूल मंडळाच्या हवामान यंत्रावर ठरतो आणि ते यंत्र आमच्या शेतापासून लांब. आप्पांचं भिंतीवरचं ४७ चालत नाही तिथे.

पाटील आप्पा (८:०२)
भाऊ, काही लागलं तर सांगा. घरचे आहोत.

झोपे वहिनी (८:०६)
भंगाळे भाऊ, तुमच्यापुढे माझं काहीच नाही, खरंच. तुमच्या आईंना सांगा मी उद्या येते. पण किल्लीचं उत्तर मी घेणार.

शेख भाई (८:०८)
वॉचमनला विचारलं. तो म्हणतो १५ मे पासून किल्ली त्याच्याकडे नाहीच.

निखिल चौधरी (८:१०)
आप्पा, एक शंका. तुम्ही पाऊस कशात मोजता?

पाटील आप्पा (८:१२)
सरळ तोंडाचा स्टीलचा डबा, पट्टी बुडवून. रोज सकाळी बरोबर साडेआठला. वेधशाळा पण साडेआठलाच मोजते. बाल्कनीत आडोसा येतो म्हणून टेरेसवर टाकीजवळ ठेवला आहे.

झोपे वहिनी (८:१३)
रोज? टेरेसवर?

झोपे वहिनी (८:१३)
आणि त्या दिवशी तुम्ही फैजपूरला होतात.

सोनवणे अण्णा (८:१४)
अरे देवा

कोल्हे मॅडम (८:१४)
😶

वाणी सेक्रेटरी (८:२०)
कृपया शांतता राखावी. आप्पा ज्येष्ठ आहेत. ३०० रु चं पुढच्या मीटिंगला बघू. उद्या किल्लीच्या तीन कॉपी करून आणतो.

झोपे वहिनी (८:२१)
मीटिंगला नाही, पुढच्या बिलात वजा करा.

निखिल चौधरी (८:२४)
आणि पाईप बोअरकडे?

वाणी सेक्रेटरी (८:२५)
निखिल, एका वेळी एक.

पाटील आप्पा (९:०२)
किल्ली वॉचमनकडे दिली आहे. वहिनी, दोन किलो ज्वारी उद्या सकाळी पाठवतो, सौ. म्हणाली. आज कमाल ४१ (भिंतीवर). पाऊस निरंक. टाकीजवळचा डबा कोणी हलवू नये.