मदत हवी आहे: नवीन स्टिरिओ बसवल्यापासून सकाळी गाडीच सुरू होत नाही

रानवारा:
तातडीने मदत हवी आहे. रविवारी गाडीत नवीन स्टिरिओ बसवून घेतला. तेव्हापासून दोनदा सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक्-टक्. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर लावून सुरू केली. परवा पहाटे आईला घेऊन साताऱ्याहून चिपळूणला निघायचंय. दुकानदार म्हणतो बॅटरी संपलीय, स्टिरिओचा संबंध नाही. काय करू?

कोयनाकाठ:
गाडी कुठली, साल कोणतं? स्टिरिओ साधा की अँड्रॉइड? बॅटरी किती जुनी?

गाडीवेडा:
बॅटरी बदला नि मोकळे व्हा. मी 35 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारी वीज) काढून 45ची टाकली, तीन वर्षं त्रास नाही.

कोयनाकाठ:
अहो, टाकी गळत असेल तर मोठी टाकी आणून काय उपयोग? आधी गळती शोधू द्या त्यांना.

गाडीवेडा:
स्वतःच्या अनुभवाचं सांगितलं. घाटात गाडी बंद पडली तर तुम्ही येणार का?

रानवारा:
वॅगन आर, 2014. सात इंची अँड्रॉइड. बॅटरी मागच्या दिवाळीतली, 35 एएच. भांडू नका, प्लीज.

सूरपेटी:
एफएम खरखरत असेल तर निळी तार अँटेनाच्या बूस्टरला जोडली आहे का बघा. दुकानवाले हमखास विसरतात.

रानवारा:
एफएम छान लागतो, ताई. प्रश्न बॅटरीचा आहे.

दहाचा_पाना:
दादा, एकच सांगा. किल्ली काढल्यावर स्टिरिओ आपोआप बंद होतो का?

रानवारा:
नाही, गाणं चालूच राहतं. मी बटण दाबून स्क्रीन घालवतो. अँड्रॉइडमध्ये असंच असतं ना?

दहाचा_पाना:
हेच आधी सांगायला हवं होतं! असं नसतं. पिवळ्या तारेला कायम 12 व्होल्ट लागतात, घड्याळ आणि सेटिंग लक्षात राहण्यासाठी. लाल तारेला किल्ली फिरवल्यावरच वीज मिळायला हवी. तुमच्याकडे दोन्ही एकत्र पिळलेल्या दिसतात. बटणाने फक्त स्क्रीन जाते, आत सगळं जागं असतं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, किल्ली काढून लाल तार तपासा. 12 दिसले तर चोर सापडला.

गाडीवेडा:
एवढ्याशा स्टिरिओने बॅटरी उतरते होय?

दहाचा_पाना:
उतरते. 0.8 अँपिअर धरा. 24 तासांत 19 एएच गेले, म्हणजे 35च्या निम्म्याहून जास्त. उभ्या गाडीने साधारण 50 मिलिअँपिअरपेक्षा जास्त खाऊ नये.

कोकणी_माणूस:
कुंभार्लीत पहाटे धुकं असतं, फॉग लॅम्प आहेत ना? नसतील तर उजाडल्यावरच घाट उतरा. आई सोबत आहेत.

रानवारा:
किल्ली काढून लाल तारेवर 12.3 आले!!

दहाचा_पाना:
आता बॅटरीची वजा बाजू सोडा, मगच हात घाला. लाल-पिवळी वेगळ्या करा. कपलरमध्ये, म्हणजे स्टिरिओमागच्या तारांच्या प्लगमध्ये, किल्लीवरची तार मोकळी सोडलेली असेल. रंगावर जाऊ नका, वजा बाजू परत लावून मीटरनेच शोधा: किल्ली फिरवली की 12, काढली की शून्य. लाल तिला जोडा. जोडताना वजा बाजू पुन्हा सोडा. नुसती टेप नको, उन्हाने पाघळते.

रानवारा:
सापडली! दोन्ही तारा एकात पिळून वर काळी टेप, बोटांना चिकटत होती. किल्लीवरची तार टोक गुंडाळून मागे कोंबलेली. सोल्डर करून जोडली. आता किल्ली काढली की स्क्रीन लगेच जाते. आज सकाळी हाफ सेल्फमध्ये सुरू! खूप आभार. फक्त पुढचा उजवा स्पीकर गप्प झालाय, हात लागला असेल कुठेतरी. कुठली तार बघू?

दहाचा_पाना:
राखाडी. आणि तिच्या जोडीची, काळ्या पट्ट्याची राखाडी, ती वजा. ती बॉडीला टेकू देऊ नका.